पाहावा असा चित्रपट : एका वहिवाटीचा इतिहास

दादासाहेब फाळके यांनी 1917 साली ‘नवयुग’ मासिकात आपल्या चित्रपटोद्योगाची हकीकत लिहिण्यास आरंभ केला, तेव्हा गिरगावातील एका तंबूवजा चित्रगृहात पाहिलेल्या ख्रिस्तचरित्राच्या चित्रपटाचा आपल्या मनावर काय परिणाम झाला, हे त्यांनी तन्मयतेने सांगितले. आणि पडद्यावरील येशूच्या जागी आपल्याला राम आणि कृष्ण दिसू लागले हा त्यातील भाग पुढे इतक्या वेळा उद्धृत झाला की, त्याला लागून असलेली एक लहानशी गोष्ट मात्र मागे पडली. ती गोष्ट अशी की, हा चित्रपट एकदा पाहून फाळक्यांचे समाधान झाले नाही; हातात पैसा नव्हता, तरी उसनवारी करून ते पुन्हा गेले आणि त्या खेपेस सरस्वतीबाईंना सोबत घेऊन गेले. जे आपण पाहिले ते आपल्या माणसाने पाहिलेच पाहिजे, त्याखेरीज आपले पाहणे पुरे होत नाही, ही जी निकड त्यांना वाटली, ती चित्रपटाच्या प्रत्येक खऱ्या रसिकाच्या ओळखीची आहे. सरस्वतीबाईंनी पुढे दागिने मोडून दिले, कोऱ्या फिल्मच्या कडांना भोके पाडण्याचे किचकट काम रात्री बसून केले, पन्नास-साठ माणसांचा स्वयंपाक सांभाळला. आणि या साऱ्याचे मूळ शोधू गेल्यास ते त्या दुसऱ्या खेळाच्या तिकिटाशी येऊन थांबते. चित्रपटनिर्मितीचा इतिहास आपल्याकडे पुष्कळांनी लिहिला आहे; परंतु एका प्रेक्षकाने दुसऱ्याला चित्रपट सुचविण्याची, आणि नुसता सुचवून न थांबता तो त्याला दाखविण्याची जी वहिवाट आपल्या देशात निर्माण झाली, तिचाही एक इतिहास आहे, आणि तो निर्मितीच्या इतिहासाहून कमी मोलाचा नाही, असे मला मनापासून वाटते.

चित्रपट सुचविण्याचे काम प्रारंभी अर्थातच विकणाऱ्यांनीच केले. 7 जुलै 1896 रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा पहिला खेळ झाला, तेव्हा वर्तमानपत्रातील जाहिरातीने त्याला शतकातील आश्चर्य ठरविले होते आणि प्रवेशमूल्य एक रुपया ठेवले होते. 1913 मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ घेऊन फाळके ठिकठिकाणी फिरू लागले तेव्हा, नाटकाचे पाच-पाच तासांचे खेळ पाहण्यास सरावलेल्या लोकांना अल्पावधीचा मूकपट महाग वाटतो हे ध्यानी घेऊन, त्यांनी आपल्या चित्रपटाचे वर्णन कथेच्या अंगाने न करता मापाच्या अंगाने केले : सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र, आणि हे सारे अवघ्या तीन आण्यांत. पुढे बैलगाडीवर बांधलेले फलक, त्यांच्यापुढे वाजणारा ताशा, गल्लोगल्ली उधळलेली रंगीत हस्तपत्रके आणि बोलपटांच्या काळातील गाण्यांच्या पुस्तिका हा सारा सरंजाम उभा राहिला. त्यात कल्पकता होती आणि धंद्याच्या दृष्टीने तो आवश्यकही होता. परंतु जाहिरात करणाऱ्याचा स्वार्थ त्या चित्रपटाच्या उत्पन्नात गुंतलेला असतो, आणि ज्याला त्या उत्पन्नातून एक छदामही मिळावयाचा नाही अशा माणसाने जिन्यात, कचेरीत वा चावडीवर उच्चारलेला शब्द निराळ्याच तोलाचा असतो. डिसेंबर 1936 मध्ये प्रभात फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहात लागला आणि वर्षाहून अधिक काळ तेथून हलला नाही, याचे श्रेय त्याच्या जाहिरातीला कोणीच देत नाही. पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात जगातील निवडक उत्तम चित्रपटांत त्याची गणना झाली. पण त्यापूर्वीच, ज्यांनी तो पाहिला त्यांनी आपल्या आईला, मावशीला, गावाहून आलेल्या चुलत्याला हाताला धरून तेथे नेऊन बसविले होते.

मात्र या तोंडी शिफारशीला एक मर्यादा होती, आणि तीच पुढच्या इतिहासाचे कारण झाली. ज्या चित्रपटाचा खेळ गावात चालू आहे त्याचीच शिफारस करता येते. जो गावात कधी येणारच नाही, ज्याची प्रत वितरकाने मागविलेली नाही किंवा जो सरकारी हुकुमाने अडविला गेला आहे, त्याच्याविषयी कितीही जिव्हाळ्याने सांगितले तरी ऐकणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. पुस्तक सुचविणारा आपली प्रत उसनी देऊ शकतो. चित्रपट सुचविणाऱ्याला मात्र रीळे, ती चालविण्याचे यंत्र, अंधार करता येईल अशी खोली आणि यंत्र चालविणारा माणूस एवढे सारे एकत्र आणावे लागते, आणि हे एकट्यादुकट्याच्या आवाक्यातील काम नसल्यामुळे त्यासाठी मंडळ काढावे लागते. पॅरिसमध्ये पहिल्या महायुद्धानंतरच्या वर्षांत रिचोत्तो कानूदो, लुई देल्यूक आदींनी चित्रपटाच्या मित्रांचे जे मेळावे भरविले, त्यांतून ही कल्पना रुजली. लंडनमध्ये 1925 साली आयव्हर मॉन्टेग्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फिल्म सोसायटी स्थापन केली आणि तिच्या आरंभीच्या सभासदांत बर्नार्ड शॉ व एच. जी. वेल्स यांच्यासारखी माणसे होती. आयझेनस्टाइनच्या ‘बॅटलशिप पोटेमकिन’ला इंग्लंडच्या परीक्षण मंडळाने सार्वजनिक परवाना नाकारला होता, तरी याच सोसायटीने 1929 मध्ये तो आपल्या सभासदांना दाखविला. तिकीट विकावयाचे नाही, वार्षिक वर्गणी घ्यावयाची, आणि सभासदांपुरता खासगी खेळ करावयाचा, ही जी तजवीज तेथे निघाली, तीच थोड्याफार फरकाने जगभरच्या चित्रपट-मंडळांची सनद ठरली.

हिंदुस्थानात या कामाचा पहिला प्रयत्न मुंबईतच झाला. 1937 मध्ये येथे हौशी चित्रपटकारांची अमॅच्युअर सिने सोसायटी निघाली आणि 1942 मध्ये बॉम्बे फिल्म सोसायटी. परंतु त्यांचा व्याप अनुबोधपटांशी संबंधित मंडळी आणि शहरातील युरोपीय वर्तुळ यांच्या पलीकडे फारसा गेला नाही. ज्या मंडळाने इतिहास घडविला ते कलकत्त्याचे. स्वातंत्र्य मिळून दोन महिनेही झाले नव्हते, अशा वेळी, ऑक्टोबर 1947 मध्ये, सत्यजित राय, चिदानंद दासगुप्त, बन्सी चंद्रगुप्त आदी तरुणांनी कलकत्ता फिल्म सोसायटी स्थापन केली आणि तिचा पहिला खेळ म्हणून निवड केली ती त्याच ‘पोटेमकिन’ची. राय तेव्हा एका जाहिरात संस्थेत चित्रकार होते. 1949 मध्ये ‘द रिव्हर’च्या पूर्वतयारीसाठी झाँ रनवार बंगालात आले, तेव्हा या तरुणांनी त्यांचा सहवास साधला, 1950 मध्ये राय नोकरीच्या निमित्ताने सहा महिने लंडनला राहिले आणि तेवढ्या अवधीत त्यांनी शंभराच्या आसपास चित्रपट पाहिले, त्यांत दे सीकाचा ‘बायसिकल थीव्हज’ होता. ‘पथेर पांचाली’ आपण कोणत्या रीतीने करावयाचा याचा निश्चय तेथेच झाला, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. चित्रपट पाहणाऱ्यांच्या मंडळातून चित्रपट करणारा निपजला, एवढ्यावरच या घटनेचे महत्त्व पुष्कळदा आवरते घेतले जाते. मला त्याहून अधिक महत्त्वाची वाटते ती गोष्ट अशी की, असा चित्रपट निघाला तर तो पाहावयाचा कसा हे ठाऊक असलेली शे-दोनशे माणसे त्या मंडळाने त्या शहरात आधीच तयार करून ठेवली होती.

‘पथेर पांचाली’ ऑगस्ट 1955 मध्ये कलकत्त्यात प्रदर्शित झाला, तेव्हा पहिले काही दिवस खुर्च्या रिकाम्या राहिल्या. नंतर, ज्यांनी पाहिला त्यांनी इतरांना सांगितले, त्यांनी आणखी कोणाला सांगितले, आणि दोन आठवड्यांच्या आत खेळ भरून जाऊ लागले. ते इतके की, ठरलेल्या मुदतीनंतर त्याच चित्रगृहात मद्रासच्या वासन यांचा ‘इन्सानियत’ लागावयाचा होता म्हणूनच केवळ तो काढावा लागला आणि नंतर दुसरीकडे लावण्यात आला. त्या दोन आठवड्यांत कलकत्त्याच्या ट्रामगाड्यांतून आणि चहाच्या दुकानांतून जी संभाषणे झाली असतील, त्यांचे दफ्तर कोठेच उपलब्ध नाही. पण भारतीय चित्रपटाचे भवितव्य त्या संभाषणांनी ठरविले, असे म्हणण्यात मला अतिशयोक्ती वाटत नाही.

कलकत्त्याच्या मंडळाची स्थापना आणि ‘पथेर पांचाली’चे प्रदर्शन या दोन तारखांच्या दरम्यान मुंबईत एक प्रसंग घडला. 24 जानेवारी 1952 रोजी न्यू एम्पायर चित्रगृहात फिल्म्स डिव्हिजनच्या विद्यमाने भारताचा पहिला आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव सुरू झाला आणि तेथून तो मद्रास, दिल्ली व कलकत्ता असा हिंडला. हॉलिवूडखेरीज जगात अन्य चित्रपट असतात हे बहुसंख्य प्रेक्षकांनी त्या वेळी प्रथमच डोळ्यांनी पाहिले : ‘बायसिकल थीव्हज’, ‘मिरॅकल इन मिलान’, रोसेलिनीचा ‘ओपन सिटी’. आपल्याकडून जे चित्रपट तेथे ठेवले गेले त्यांत ‘आवारा’ होता, आणि शाहीर होनाजी बाळाच्या जीवनावरील शांताराम यांचा मराठी ‘अमर भूपाळी’ही होता. बिमल रॉय त्या महोत्सवातून जे घेऊन घरी गेले ते पुढच्याच वर्षी ‘दो बिघा जमीन’ या रूपाने बाहेर आले. त्याच्या आगेमागेच स. का. पाटील यांच्या अध्यक्षतेखालील चित्रपट चौकशी समितीने आपला अहवाल सरकारला सादर केला होता; चित्रपटाचे शिक्षण देणारी संस्था आणि चांगल्या चित्रपटांना कर्ज देणारे महामंडळ यांची मूळ कल्पना त्या अहवालात आहे, आणि ती अमलात येण्यास जवळजवळ दहा वर्षे लागली हे सरकारी कारभाराच्या रीतीस धरूनच झाले.

या चळवळीची अखिल भारतीय घडी बसविण्यात एका मराठी स्त्रीचा जो वाटा आहे, त्याचे स्मरण महाराष्ट्रात जितके असावयास हवे तितके नाही, आणि याचे मला वाईट वाटते. विजया मुळे यांचा जन्म मुंबईचा. विवाहानंतर त्या पाटण्यास गेल्या, तेथून शिष्यवृत्ती मिळवून शिक्षणशास्त्राच्या अभ्यासासाठी इंग्लंडात लीड्स येथे गेल्या, आणि तेथील विद्यापीठाच्या वातावरणात फिल्म सोसायटी कशी चालते हे त्यांनी पाहिले. परत आल्यावर पाटण्यात आणि पुढे शिक्षण खात्याच्या नोकरीत दिल्लीस आल्यावर तेथेही त्यांनी हे काम आरंभले. आयझेनस्टाइनच्या चरित्रकार मेरी सीटन याच सुमारास भारतात आल्या होत्या आणि गावोगाव चित्रपट कसा पाहावा यावर व्याख्याने देत होत्या. त्यांच्या दौऱ्यांनी ठिकठिकाणी मंडळे निघाली. अखेरीस डिसेंबर 1959 मध्ये कलकत्ता, दिल्ली, मुंबई, मद्रास, पाटणा आणि रूडकी येथील मंडळांनी मिळून फेडरेशन ऑफ फिल्म सोसायटीज ऑफ इंडिया ही मध्यवर्ती संस्था स्थापन केली. सत्यजित राय तिचे अध्यक्ष झाले, आणि चिदानंद दासगुप्त यांच्या जोडीने चिटणीसपदाचे ओझे विजयाबाईंनी उचलले. एकात्मतेचा पाठ देणारा ‘एक अनेक और एकता’ हा छोटा चित्रपट दूरदर्शनवर पाहून ज्या पिढ्या वाढल्या, त्यांना तो करणाऱ्या बाईंनी रीळांच्या पेट्यांसाठी किती परराष्ट्र वकिलातींचे उंबरठे झिजविले होते याची कल्पना नसते.

ते उंबरठे का झिजवावे लागत, हे समजण्यासाठी अशा मंडळाचा रोजचा कारभार पाहिला पाहिजे. समजा, एखाद्या जिल्ह्याच्या गावी पाऊणशे सभासदांचे मंडळ आहे. चिटणीस दिवसा शाळेत शिकवतो किंवा विमा कचेरीत काम करतो. पोलंडच्या किंवा चेकोस्लोव्हाकियाच्या वकिलातीकडून एखादा चित्रपट फेडरेशनला मिळाला की तो एका मंडळाकडून दुसऱ्याकडे असा फिरत असे, आणि मागच्या गावाने पार्सल वेळेवर रेल्वेत घातले नाही तर पुढच्या गावाचा खेळ बुडत असे. सोळा मिलिमीटरच्या रीळांचे पत्र्याचे चपटे डबे स्टेशनवरून सायकलच्या कॅरिअरला बांधून आणावयाचे. डबा उघडून फिल्मच्या कडांची भोके फाटलेली आहेत काय हे बोटांनी चाचपून पाहावयाचे, तुटक्या जागी कापून जोड द्यावयाचा, आणि तो जोड आपल्याकडे येण्यापूर्वीचा की आपण दिलेला याची नोंद करावयाची, कारण नुकसानीचा तगादा पुढे येणार हे ठरलेले. करमणूक करातून सूट मिळण्यासाठी जिल्हा कचेरीत अर्ज. सभागृहासाठी महाविद्यालयाच्या प्राचार्यांना विनंतीपत्र. यंत्र एकच असले म्हणजे प्रत्येक रीळ संपल्यावर दिवे लागत, आणि पुढचे रीळ चढेपर्यंतच्या चार मिनिटांत पडद्यावर जे घडून गेले त्यावर कुजबुज सुरू होई. मला त्या व्यत्ययाचे कधीच वैषम्य वाटले नाही. त्या चार मिनिटांत पाहिलेले मनात बसत असे.

खेळाच्या आधी दारात प्रत्येकाच्या हाती एक कागद ठेवला जाई. मेणकागदावर टंकलेखन करून, शाईच्या रुळाच्या यंत्रावर काढलेल्या त्या चक्रमुद्रित पत्रकात दिग्दर्शकाचे नाव, साल, त्याचे इतर चित्रपट, आणि नंतर दोन-तीन परिच्छेदांत तो का पाहावयाचा, याचे विवेचन असे. कडा शाईने काळवंडलेल्या, अक्षरे एखाद्या ठिकाणी तुटलेली, आणि परकी नावांची लिपी प्रत्येक मंडळात निराळी. ते विवेचन लिहिणाऱ्याने चित्रपट स्वतः पाहिलेला असेच असे नाही. कित्येकदा इंग्रजी मासिकातून वाचून, फेडरेशनच्या पत्रिकेतून उतरवून ते लिहिलेले असे. तरीही त्यातील भाषेत एक जबाबदारी असे, कारण लिहिणारा दिवे लागल्यावर त्याच खोलीत बसलेला असावयाचा आणि हे तुम्ही आम्हाला का दाखविले, असे विचारणाऱ्या सभासदाला तोंड द्यावयाचे ते त्यालाच. सुचविणारा आणि पाहणारा एकाच अंधारात शेजारी बसतात, ही गोष्ट मला या साऱ्या वहिवाटीचे मर्म वाटते.

या व्यवस्थेला एक कायदेशीर आधार होता. 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या 9व्या कलमात केंद्र सरकारला परीक्षणाच्या अटीतून सूट देण्याचा अधिकार आहे. त्याचा उपयोग करून फेडरेशनच्या सभासद-मंडळांना वकिलातींकडून आलेले चित्रपट परीक्षणाविना दाखविण्याची मुभा मिळाली. शासनाने नागरिकांच्या एका लहान वर्गाच्या विवेकावर टाकलेला हा मोठा विश्वास होता. त्याचा परिणाम असाही झाला की, साठीच्या उत्तरार्धापासून सत्तरीपर्यंत शहरांतील काही मंडळांची सभासदसंख्या अचानक फुगली, आणि त्यांत कात्री न लागलेली नग्न दृश्ये पाहण्याच्या अपेक्षेने आलेल्यांचा भरणा मोठा होता. असे सभासद बर्गमनच्या चित्रपटाला पहिला अर्धा तास बसत आणि अपेक्षाभंग झाला की खुर्च्यांचा आवाज करीत निघून जात. चालकांना त्यांच्या वर्गणीची गरज होती आणि त्यांच्या येण्याने मूळ हेतूला बट्टा लागतो हेही दिसत होते. या पेचातून काही मंडळे तावून सुलाखून निघाली, काही मोडली. जी टिकली त्यांना, माझ्या मते, चर्चेचा शिरस्ता सांभाळल्याने टिकता आले : खेळानंतर अर्धा तास थांबून बोलावयाचे, हा नियम ज्या मंडळांनी मोडू दिला नाही तेथे हौशी गर्दी आपोआप ओसरली.

मुंबईत या काळात दोन प्रवाह दिसतात. फिल्म फोरममध्ये बासू चटर्जी, अरुण कौल यांच्यासारखी माणसे होती. कौल आणि मृणाल सेन यांनी 1968 मध्ये नव्या चित्रपटाचा जाहीरनामा काढला आणि पुढच्याच वर्षी ‘भुवन शोम’ व ‘सारा आकाश’ हे फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनच्या कर्जावर निघालेले चित्रपट आले. त्याच 1968 साली प्रभात चित्र मंडळ स्थापन झाले, आणि त्याचे वेगळेपण हे की, त्याचा व्यवहार मराठीत होता. जगाच्या चित्रपटाविषयी मराठीतून बोलावयाचे, मराठीतून लिहावयाचे, गिरगाव-दादरच्या मध्यमवर्गीय वाचकाला आयझेनस्टाइन आणि कुरोसावा परके वाटू नयेत अशा भाषेत सांगावयाचे, हे काम सुधीर नांदगावकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक दशके केले. मंडळाच्या ‘रूपवाणी’ने त्या लेखनाला घर दिले. मराठीत चित्रपटाविषयी लिहिले जात नव्हते असे नाही. इसाक मुजावर यांनी मराठी चित्रपटाचा इतिहास सामान्य वाचकाच्या हाती दिला. परंतु चित्रचौकट, प्रकाश, ध्वनी, संकलन यांच्या अंगाने चित्रपट वाचण्याची परिभाषा मराठीत घडली ती मंडळांच्या आणि पुण्याच्या चित्रपट संस्थेच्या आश्रयाने, आणि तिचे परिपक्व फळ म्हणजे त्या संस्थेचे विद्यार्थी अरुण खोपकर यांचे 1985 मधील ‘गुरु दत्त : तीन अंकी शोकांतिका’ हे पुस्तक. ज्या हिंदी चित्रपटांकडे मंडळांतील पुष्कळ जण कनिष्ठ दृष्टीने पाहत, त्यांतीलच एका दिग्दर्शकाचे तीन चित्रपट घेऊन, छायाप्रकाशाची आणि गीतांच्या चित्रणाची इतकी सूक्ष्म छाननी त्यात आहे की, ते वाचल्यावर ‘प्यासा’ नव्याने पाहिल्यावाचून राहवत नाही.

ती कनिष्ठ दृष्टी ही मंडळांची खरी उणीव होती. दूरदेशीच्या कलाकृतींचा ध्यास घेतलेल्या या मंडळींनी आपल्या उंबरठ्यावरील प्रेक्षकाचा कौल पुरेसा ऐकला नाही. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ 1959 पासून पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात 131 आठवडे चालला. बैलगाड्या जोडून माणसे त्याला येत होती. हे लोक कशासाठी येतात, कोणत्या प्रसंगाला ताल धरतात, जयश्री गडकरांच्या नृत्यात त्यांना काय सापडते, याचा विचार मंडळांच्या पत्रकांत अभावानेच आढळतो. त्याच वर्षी फेडरेशन स्थापन झाले, आणि दोन्ही घटना एकमेकींच्या गावीही नव्हत्या. प्रेक्षकांचे दोन समाज असे शेजारी राहून एकमेकांना न ओळखता वाढले, याची किंमत मराठी चित्रपटाने पुढे दीर्घकाळ मोजली, असे मी मानतो.

पुण्यात मात्र या दोहोंना एकाच छपराखाली आणणारा एक माणूस होता. प्रभातच्या जुन्या आवारात 1960 मध्ये चित्रपट संस्था सुरू झाली आणि 1964 मध्ये राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय. तिरुवनंतपुरमकडून आलेले पी. के. नायर हे लहानपणी चित्रपटाच्या तिकिटांचे अर्धे तुकडे जपून ठेवीत. त्यांनी 1991 मध्ये निवृत्त होईपर्यंत या संग्रहालयात सुमारे 12,000 चित्रपट गोळा केले. अंधारात छोट्या विजेरीच्या प्रकाशात वहीत टिपणे करीत ते चित्रपट पाहत, आणि कोणत्या चित्रपटाच्या कितव्या रीळात कोणता प्रसंग आहे हे त्यांना मुखोद्गत असे. नाशिकला जाऊन फाळक्यांच्या कुटुंबीयांकडून त्यांनी उरलीसुरली रीळे मिळविली, म्हणूनच आज ‘कालिया मर्दन’मधील मंदाकिनी फाळके आपल्याला दिसते. ‘आलम आरा’च्या बाबतीत मात्र त्यांना उशीर झाला : ते वृद्ध अर्देशिर इराणींना भेटले, काही रीळे कोठे तरी पडलेली असतील असे इराणी म्हणाले, आणि नंतर त्यांच्या मुलाने हलक्या आवाजात सांगितले की, फिल्ममधील चांदी काढून घेऊन ती केव्हाच निकालात काढली आहेत. हिंदुस्थानचा पहिला बोलपट असा काही तोळे चांदीच्या मोलाने गेला.

नायरांच्या कामात एक तत्त्वाचा प्रश्न दडलेला होता. शिफारस म्हणजे निवड. शंभरांतून एक उचलून हाच पाहा असे सांगणे. संग्रह करणाऱ्याला ही मोकळीक नाही. प्रारंभी त्यांनीही उत्तम ते आधी, असा क्रम लावला, आणि त्या अवधीत मारधाडीचे, जादूचे, पौराणिक असे कित्येक चित्रपट कायमचे हातचे गेले याची खंत त्यांनी पुढे उघडपणे बोलून दाखविली. नंतर समोर येईल ते सारे ठेवून घ्यावयाचे, मूल्यनिर्णय पुढच्या पिढीने करावा, अशा निश्चयाला ते आले. परंतु हाच माणूस विद्यार्थ्याला बोलावून, हा तुम्ही पाहिला पाहिजे, असे सांगून रात्री उशिरा त्याच्यासाठी खेळ लावीत असे. साऱ्यांचे जतन करावयाचे आणि एकेकाला त्याच्या गरजेचे नेमके द्यावयाचे, ही दोन्ही कर्तव्ये त्यांनी एकाच कारकीर्दीत पार पाडली. त्यांच्या शेजारी सतीश बहादूर होते : आग्र्यात अर्थशास्त्र शिकविणारा आणि तेथे फिल्म सोसायटी चालविणारा हा प्राध्यापक 1963 मध्ये पुण्यास आला आणि ‘पथेर पांचाली’ एकेका दृश्याने उलगडून दाखवीत त्याने रसास्वाद ही शिकविता येण्याजोगी विद्या आहे हे सिद्ध केले. संग्रहालयातील सोळा मिलिमीटरच्या प्रती मंडळांना पाठविण्याची व्यवस्था झाल्यावर वकिलातींच्या मर्जीवरचे अवलंबन कमी झाले; कर्नाटकातील हेग्गोडू या लहानशा गावी के. व्ही. सुब्बण्णांच्या नीनासम संस्थेत सुपारीच्या बागांत राबणाऱ्या माणसांनी ‘राशोमोन’ आणि ‘बायसिकल थीव्हज’ पाहिले, आणि ते त्यांना समजले, हे पुण्याहून तेथे गेलेल्या मंडळींनी डोळ्यांनी पाहिले.

नंतरचा काळ मी थोडक्यात सांगतो, कारण तो सर्वांच्या स्मरणात आहे. दूरदर्शन घरात आले, पाठोपाठ व्हिडिओ कॅसेट आली. 1991 पर्यंत सोव्हिएत संघ आणि त्याच्या सोबत्यांची राजवट गेली, तसे वकिलातींचे चित्रपट येणेही आटले. सोळा मिलिमीटरची यंत्रे दुरुस्त करणारे कारागीर निवृत्त झाले. शंभरावर मंडळे बंद पडली आणि त्यांची दफ्तरे चिटणिसांच्या माळ्यांवर गेली. पुण्यात आशय, मुंबईत प्रभात यांच्यासारखी मंडळे टिकली. 2004 पासून भारताचा आंतरराष्ट्रीय महोत्सव गोव्यात स्थिरावल्यामुळे कोकण रेल्वेने पणजीस जाणाऱ्या मराठी रसिकांचा एक नवा समुदाय तयार झाला, जो सकाळच्या रांगेत उभा असताना आदल्या रात्रीच्या चित्रपटाचा निवाडा अनोळखी माणसाला निःसंकोच सांगतो. आता चित्रपट मिळविणे ही अडचण उरलेली नाही. एका बोटाच्या हालचालीवर कुरोसावा हजर होतो, आणि सुचविण्याचे काम यंत्रांनीही आपल्याकडे घेतले आहे. मात्र ज्याला तुमचे नाव ठाऊक नाही, जो शेजारी बसणार नाही आणि ज्याला तुम्ही जाब विचारू शकत नाही, त्याची शिफारस मला जाहिरातीच्याच वर्गातील वाटते.

माळ्यांवरच्या त्या दफ्तरांची मात्र मला चिंता वाटते. चित्रपटांचे जतन व्हावे हे नायरांनी देशाला पटवून दिले. चित्रपट पाहणाऱ्यांनी एकमेकांसाठी जे लिहिले त्याचे जतन व्हावे हे अजून कोणी पटवून दिलेले नाही. सातारा, सांगली, नागपूर, औरंगाबाद, सोलापूर अशा गावांतून जेथे जेथे मंडळे चालली असतील, तेथील ती चक्रमुद्रित पत्रके, सभासदांच्या याद्या, वर्गणीच्या पावत्यांची स्थळप्रतपुस्तके, चर्चेची टिपणे, रेल्वे पार्सलच्या पावत्या यांतून मराठी माणसाने जगाचा चित्रपट कोणत्या क्रमाने, कोणत्या अडचणींतून आणि कोणत्या शब्दांत आपलासा केला याची रुजुवात होऊ शकेल. मेणकागदावरून काढलेल्या प्रतींची शाई फिकी पडते, आणि तो कागद मुळातच हलका होता. ज्यांच्या घरी असे गठ्ठे असतील त्यांनी ते रद्दीत घालण्यापूर्वी पुण्याच्या संग्रहालयाकडे किंवा जवळच्या ग्रंथालयाकडे विचारणा करावी. त्या गठ्ठ्यांत ‘संत तुकाराम’वर कोणी लिहिलेले एखादे पान निघाले, तर ते आधी वाचावे आणि त्याच संध्याकाळी तो चित्रपट घरातल्या सर्वांना बसवून दाखवावा.